वाचकांचे प्रश्न : न झालेल्या बैठकीचे इतिवृत्त

महाविद्यालयीन कारभाराविषयीच्या या सदराकडे गेल्या दोन महिन्यांत आलेली पत्रे एकत्र ठेवून वाचली, तेव्हा असे दिसले की पत्रलेखक वेगवेगळे असले, तरी बहुतेकांचा प्रश्न शेवटी एकाच वहीपाशी येऊन थांबतो. ती वही म्हणजे बैठकांचे इतिवृत्त, ज्याला कार्यालयात सगळे ‘प्रोसिडिंग’ म्हणतात. त्यामुळे त्या वहीशी थेट संबंध असलेली दोन पत्रे आधी घेतली आहेत आणि पहिल्याला जागाही अधिक दिली आहे. पत्रलेखकांची व संस्थांची नावे नेहमीप्रमाणे छापलेली नाहीत.

प्रश्न : सांगली जिल्ह्यातील एका अनुदानित कला-वाणिज्य महाविद्यालयात मी गेल्या ऑगस्टपासून प्रभारी प्राचार्या आहे. नॅककडे (महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या राष्ट्रीय परिषदेकडे) पाठवायचा वार्षिक गुणवत्ता अहवाल तयार करताना लक्षात आले, की वर्षभरात महाविद्यालय विकास समितीची एकही बैठक झालेली नाही. संस्थेच्या सचिवांनी (आम्ही सगळे त्यांना आबा म्हणतो) मुख्य लिपिकाकडून चार बैठकांची इतिवृत्ते लिहून घेतली असून त्यांवर माझी सही मागितली आहे. “सगळीकडे असंच करतात, मॅडम,” असे त्यांचे म्हणणे आहे. आबा माणूस म्हणून वाईट नाहीत, आणि माझी नियमित नेमणूक बऱ्याच अंशी त्यांच्यावर अवलंबून आहे. मी काय करावे?

उत्तर : सही करू नका. मात्र ‘करू नका’ एवढेच सांगून मोकळे होणे सोपे असते, आणि आपल्याला उद्या सकाळी त्याच कार्यालयात जाऊन बसायचे आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

आधी एक कबुली. सुमारे वीस वर्षांपूर्वी मी एका महाविद्यालयात अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाचा समन्वयक होतो, आणि तेव्हाच्या स्थानिक व्यवस्थापन समितीची तीन इतिवृत्ते एका रविवारी दुपारी मीच बसून लिहिली होती. अक्षर एक, पेन एक, आणि प्रत्येक ठरावाच्या शेवटी ‘साधकबाधक चर्चा होऊन ठराव सर्वानुमते मंजूर करण्यात आला’ हे वाक्यही एकच. मूल्यांकनासाठी आलेल्या तज्ज्ञ समितीच्या अध्यक्षांनी वही शांतपणे चाळली, एका तारखेवर बोट ठेवले आणि ही बैठक कोणत्या खोलीत झाली, असे विचारले. मी म्हणालो, प्राचार्यांच्या दालनात. त्यांनी शेजारच्या गठ्ठ्यातून प्राध्यापकांचे हजेरीपुस्तक काढून त्याच तारखेचे पान माझ्यासमोर धरले. त्या दिवशी आमची सगळी इमारत मतदानयंत्रांच्या वाटपासाठी निवडणूक विभागाच्या ताब्यात होती, आणि बहुतेक सगळ्यांच्या नावापुढे ‘निवडणूक कर्तव्य’ असा शेरा होता. तो शेराही माझ्याच अक्षरात होता. अध्यक्ष त्यावर एक शब्दही बोलले नाहीत, त्यांनी फक्त वही मिटली. त्यानंतरच्या दोन दिवसांत आम्ही दाखवलेला प्रत्येक कागद, अगदी खराखुरा कागददेखील, त्यांनी त्याच नजरेने पाहिला. खोट्या इतिवृत्ताची खरी किंमत ही असते.

आता कायद्याकडे येऊ. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, 2016 हा 1 मार्च 2017 पासून लागू झाला आणि त्याच्या कलम 97 ने जुन्या स्थानिक व्यवस्थापन समितीच्या जागी महाविद्यालय विकास समिती आणली. हा केवळ नावातला बदल नव्हता. या समितीत संस्थेचे अध्यक्ष किंवा त्यांचे प्रतिनिधी हे अध्यक्ष असतात, सचिव किंवा त्यांचे प्रतिनिधी सदस्य असतात, आणि त्यांच्या बरोबरीने प्राचार्यांनी नेमलेला एक विभागप्रमुख, पूर्णवेळ शिक्षकांनी आपल्यातून निवडून दिलेले तीन शिक्षक (त्यांत किमान एक महिला), निवडून आलेला एक शिक्षकेतर कर्मचारी, शिक्षण, उद्योग, संशोधन व समाजसेवा या क्षेत्रांतील चार स्थानिक व्यक्ती (त्यांत किमान एक माजी विद्यार्थी), गुणवत्ता हमी कक्षाचा समन्वयक आणि विद्यार्थी परिषदेचे अध्यक्ष व सचिव यांचा समावेश असतो. प्राचार्य सदस्य-सचिव असतो. वर्षातून किमान चार बैठका घ्यायच्या असतात. महाविद्यालयाचा विकास आराखडा, वार्षिक अंदाजपत्रक, नवे अभ्यासक्रम, वाढीव पदे, लेखापरीक्षणाचे आक्षेप, गुणवत्ता हमी कक्षाचे अहवाल हे सगळे विषय या टेबलावर यावेत अशी कायद्याची अपेक्षा आहे. संस्थाचालक, शिक्षक, कर्मचारी, विद्यार्थी आणि गाव हे एरवी कधीच एका खोलीत बसत नाहीत, आणि त्यांना वर्षातून चारदा एकत्र बसवणारी दुसरी तरतूद माझ्या तरी पाहण्यात नाही. ती चार इतिवृत्ते लिहून घेताना आबांनी नेमके हेच टाळले आहे.

आपण आता पुढीलप्रमाणे करावे. सदस्य-सचिव या नात्याने, अध्यक्षांशी बोलून, समितीची खरी बैठक बोलवा. सूचनापत्र आणि विषयपत्रिका किमान आठवडाभर आधी सर्वांना पाठवा आणि पोच ठेवा. पहिलाच विषय असा लिहा : ‘मागील शैक्षणिक वर्षात समितीच्या बैठका होऊ शकल्या नाहीत, याची नोंद घेणे.’ त्यानंतर वर्षभरात संस्थेने किंवा प्राचार्यांनी जे निर्णय प्रत्यक्षात घेतले, म्हणजे प्रयोगशाळेची दुरुस्ती, संगणकांची खरेदी, तासिका तत्त्वावरील (घेतलेल्या तासांनुसार मानधनाच्या) नेमणुका, ते एकेक करून मांडा आणि त्यांना कार्योत्तर मंजुरी घ्या. कार्योत्तर मंजुरी ही कारभारातली जुनी, प्रामाणिक सोय आहे, कारण तिच्यावर तारीख आजची असते आणि निर्णय आधी झाला हे ती लपवत नाही. मागच्या तारखेचे इतिवृत्त आणि आजच्या तारखेची कार्योत्तर मंजुरी यांत जो फरक आहे, तोच आबांना सांगायचा आहे.

अहवालात काय लिहायचे, ही भीती मी समजू शकतो. नॅकच्या सात निकषांपैकी सहावा निकष ‘कारभार, नेतृत्व आणि व्यवस्थापन’ असा आहे आणि त्याला 1000 पैकी 100 गुण आहेत. विकास समितीच्या बैठका हा त्या शंभरांतला एक लहान तुकडा आहे. एका वर्षाची त्रुटी मान्य करून पुढच्या वर्षी चार बैठका दाखवणे हे गुणांच्या दृष्टीनेही फारसे महाग पडत नाही.

राहिला प्रश्न आपल्या नेमणुकीचा. नियमित प्राचार्याची निवड एकट्या सचिवांच्या हातात नसते. ती रीतसर निवड समितीमार्फत होते आणि त्या समितीत विद्यापीठाचे व शासनाचे प्रतिनिधी असतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या विनियमांनुसार उमेदवाराला पीएच.डी., एकूण किमान 15 वर्षांचा अध्यापन किंवा संशोधनाचा अनुभव, किमान 10 संशोधनपर प्रकाशने आणि किमान 110 संशोधन गुण लागतात. संस्थेचे मत त्यात वजनदार असते, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण ज्या वहीवर आपली सही आहे ती वही उद्या चौकशीत निघाली, तर आबा आणि मुख्य लिपिक बाजूला राहतील आणि प्रश्न सदस्य-सचिवांना विचारले जातील. हे आबांना एकांतात आणि आदराने सांगा, इतरांसमोर मुळीच नको. ‘तुमच्या नावाला बट्टा लागू नये म्हणून’ या शब्दांत सांगितलेले पुष्कळदा ऐकले जाते.

प्रश्न : मी विकास समितीवर शिक्षकांमधून निवडून आलेला सदस्य आहे. विनाअनुदानित तुकडीच्या शुल्कवाढीला मी बैठकीत स्पष्ट विरोध केला होता. इतिवृत्त आले तेव्हा त्यात ‘सर्वानुमते मंजूर’ असे लिहिलेले होते. विचारले, तर “सर, तुम्ही नंतर काही बोलला नाहीत” असे उत्तर मिळाले. माहितीचा अधिकार वापरावा का?

उत्तर : वापरता येईल, पण तो शेवटचा मार्ग ठेवा. आधी सदस्य म्हणून जे हक्क आहेत ते वापरा, कारण सदस्याला आपल्याच समितीचे इतिवृत्त मिळवण्यासाठी अर्ज-शुल्काची गरज पडू नये.

बैठकीत विरोध करायचा असेल, तर तोंडी बोलून थांबू नका. चार ओळींचे टिपण लिहून अध्यक्षांकडे द्या आणि ‘हे इतिवृत्तास जोडावे’ अशी विनंती करा. या वेळी ते राहून गेले असेल, तर पुढच्या बैठकीत पहिला विषय ‘मागील बैठकीचे इतिवृत्त वाचून कायम करणे’ हाच असतो आणि दुरुस्ती सुचवण्याची ती अधिकृत जागा आहे. बैठकीपूर्वी प्राचार्यांना ईमेल करा की अमुक क्रमांकाच्या ठरावात ‘सर्वानुमते’ऐवजी ‘बहुमताने’ असा शब्द हवा आणि माझा विरोध कारणासह नोंदवावा. दुरुस्ती नाकारली गेली, तर ती नाकारल्याची नोंद करण्याची मागणी करा. आपल्याकडच्या समित्यांना ‘बहुमताने’ या शब्दाची उगाच लाज वाटते, जणू विरोध नोंदला गेला म्हणजे घर फुटले. शुल्कवाढीसारख्या विषयावर सगळेच्या सगळे एकमत असतील, तर मला उलट शंका येते.

यानेही काम झाले नाही, तर अनुदानित महाविद्यालयात माहितीचा अधिकार अधिनियम, 2005 लागू आहे. जन माहिती अधिकाऱ्याच्या नावे 10 रुपये शुल्कासह अर्ज करावा, उत्तराची मुदत 30 दिवसांची आहे, आणि उत्तर आले नाही किंवा अपुरे आले तर पुढील 30 दिवसांत प्रथम अपील करता येते. अर्जात ‘सर्व माहिती द्यावी’ असे मोघम लिहू नका. बैठकीची तारीख, ठरावाचा क्रमांक, उपस्थितांच्या सह्यांचे पान आणि सूचनापत्राची प्रत एवढेच मागा.

प्रश्न : आमच्या उपप्राचार्यांची मुदत किती असते? ते बारा वर्षे त्या पदावर आहेत.

उत्तर : आयोगाच्या 2018 च्या विनियमांनुसार प्राचार्यांच्या शिफारशीवरून नियामक मंडळ एखाद्या ज्येष्ठ शिक्षकाला दोन वर्षांसाठी उपप्राचार्य म्हणून नेमू शकते, आणि प्राचार्यांच्या अनुपस्थितीत त्यांचे अधिकार तो वापरतो. प्राचार्यपदाचीही मुदत पाच वर्षांची असून कामगिरीचे मूल्यमापन झाल्यावर ती आणखी एकदा पाच वर्षांनी वाढवता येते. बारा वर्षे म्हणजे मधल्या काळात कोणी फाईल उघडलीच नाही, इतकाच याचा अर्थ दिसतो.

प्रश्न : माझ्या सासऱ्यांनी उभ्या केलेल्या संस्थेची मी, त्यांच्या निधनानंतर, दोन वर्षांपासून अध्यक्ष आहे. आमचे प्राचार्य हुशार आहेत, निकालही चांगला आहे, पण प्रवेश, वेळापत्रक, शिस्त यांपैकी कशातच ते आम्हाला विचारत नाहीत. जमीन आम्ही दिली, इमारतीचे कर्ज आम्ही फेडतो, आणि महाविद्यालयात गेल्यावर मात्र आम्हाला पाहुण्यासारखे बसवले जाते. संस्थेचा अधिकार नेमका कुठे संपतो?

उत्तर : आपला प्रश्न या महाराष्ट्रात सव्वाशे वर्षांहून जुना आहे, म्हणून आधी थोडे मागे जातो.

पुण्यात 1884 साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि 2 जानेवारी 1885 रोजी तिचे फर्ग्युसन कॉलेज सुरू झाले. त्या मंडळींनी एक वेगळीच व्यवस्था केली होती. शिकवणारेच संस्थेचे आजीव सदस्य होते. वीस वर्षे सेवा करण्याची प्रतिज्ञा करून आणि महिना 75 रुपयांच्या पगारावर ते राहत, आणि रोजचा शैक्षणिक कारभार त्यांचे मंडळ पाही. दाते व प्रतिष्ठित नागरिक यांना नियामक मंडळात स्थान होते. म्हणजे शिकवणारा आणि चालवणारा यांच्यातली भिंतच त्यांनी जवळजवळ पाडली होती. तरीही भांडण टळले नाही. आजीव सदस्यांनी बाहेरची कामे व उत्पन्न घ्यावे की नाही, या मुद्द्यावरून मतभेद विकोपाला गेले आणि 1890 साली टिळकांनी राजीनामा दिला. पुढे 1892 पासून 1895 मध्ये मृत्यू येईपर्यंत आगरकर प्राचार्य होते. इतकी माणसे, इतका त्याग, आणि तरी कोणाचे काम कुठवर हा प्रश्न उरलाच. तेव्हा आपल्या घरातल्या संस्थेत तो उभा राहिला, याचे वाईट वाटून घेऊ नका.

आज मात्र व्यवस्था वेगळी आहे. जमीन, इमारत, निधी, अंदाजपत्रकाची अंतिम मंजुरी आणि नेमणुकीचा औपचारिक अधिकार संस्थेकडे असतो. अध्यापन, परीक्षा, प्रवेशाची अंमलबजावणी, वेळापत्रक, विद्यार्थ्यांची शिस्त आणि कर्मचाऱ्यांचे रोजचे कामवाटप प्राचार्यांकडे असते. प्राचार्यांना दूर करायचे झाले, तरी रीतसर चौकशीशिवाय ते करता येत नाही, आणि त्यांना विद्यापीठ व महाविद्यालय न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. मधली जागा जी आहे, जिथे दोघांचेही म्हणणे एकमेकांच्या कानावर पडावे, ती म्हणजे पहिल्या प्रश्नात आलेली विकास समिती. तिच्या अध्यक्ष आपण स्वतः आहात. पाहुण्यासारखे बसवले जाते, असे आपण लिहिता. त्या खुर्चीवर गेल्या वर्षी आपण किती वेळा बसलात?

तिथे काय विचारावे, याचा एक ठोकताळा सांगतो. ग्रंथालयाला यंदा किती रक्कम द्यायची हे समितीत ठरवा, पण कोणते पुस्तक घ्यायचे हे ग्रंथालय समितीवर सोडा. रिक्त पदे किती, त्यांची बिंदूनामावली (कोणते पद कोणत्या आरक्षणाचे याची नोंद) तपासून झाली का, उच्च शिक्षण सहसंचालक कार्यालयाकडे ना-हरकतीचा प्रस्ताव कधी गेला, हे दर तिमाहीला विचारा, मात्र अमक्याच्या भाच्याला तासिका तत्त्वावर घ्या असा निरोप शिपायाबरोबर पाठवू नका. विषयवार निकाल मागा, पण उत्तरपत्रिका मागू नका. प्राचार्य आपणाला विचारत नाहीत, याचे एक कारण असेही असू शकते की पूर्वी विचारले तेव्हा उत्तराऐवजी आदेश आला असेल. मी हे आपल्याविषयी म्हणत नाही, पण आपल्या सासऱ्यांच्या पिढीत अध्यक्षांनी वर्गाच्या दारात उभे राहून तास ऐकण्याची पद्धत पुष्कळ ठिकाणी होती, आणि त्या आठवणी स्टाफरूममध्ये फार काळ टिकतात.

एक तांत्रिक बाब, जी आपण विचारलेली नाही. सासऱ्यांच्या निधनानंतर विश्वस्तांत आणि पदाधिकाऱ्यांत बदल झाला. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमाच्या कलम 22 प्रमाणे असा बदल 90 दिवसांत धर्मादाय कार्यालयाला कळवावा लागतो, ज्याला व्यवहारात ‘चेंज रिपोर्ट’ म्हणतात. तो दिला आहे का आणि मंजूर झाला आहे का, हे आजच वकिलांकडून पाहून घ्या. तो अडकलेला असताना एखाद्या नाराज विश्वस्ताने आपल्या सहीच्या अधिकाराविषयीच वाद काढला, तर प्राचार्यांच्या अधिकारांचा प्रश्न आपोआप मागे पडेल.

प्रश्न : आम्ही मडगावचे. मुलीने पुण्यातील एका महाविद्यालयात प्रवेश घेतला होता. घरच्या अडचणीमुळे प्रवेशाच्या अंतिम तारखेनंतर दहा दिवसांनी तो रद्द केला. महाविद्यालयाने बारावीची मूळ गुणपत्रिका ठेवून घेतली असून शुल्क परत मिळणार नाही असे सांगितले. आम्ही गोव्याचे असल्याने तक्रार कुठे करायची?

उत्तर : महाविद्यालय पुण्यात आहे, म्हणून तक्रारही तिथेच आणि ते ज्या विद्यापीठाशी संलग्न आहे तिथे. आपण गोव्याचे असण्याने काही बिघडत नाही, कारण विद्यापीठ अनुदान आयोगाचे नियम दोन्हीकडे सारखेच आहेत. मूळ कागदपत्रे पडताळणी करून लगेच परत द्यायची असतात, ती अडवून ठेवता येत नाहीत. शुल्काबाबत आयोगाच्या 2018 च्या सूचनेनुसार अंतिम तारखेनंतर 15 दिवसांच्या आत प्रवेश रद्द केल्यास 80 टक्के, आणि 15 ते 30 दिवसांत केल्यास 50 टक्के रक्कम परत मिळते. मात्र त्याआधी ज्या वर्षाचा प्रवेश आहे त्या वर्षाचे आयोगाचे शुल्कपरताव्याचे परिपत्रक पाहा, कारण अलीकडे ते अधिक सवलतीचे असते. उदाहरणार्थ, 2024-25 साठी 30 सप्टेंबर 2024 पर्यंत पूर्ण शुल्क परत द्यायचे होते.

लेखी अर्ज महाविद्यालयाच्या विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे करा. 2023 च्या विनियमांप्रमाणे समितीने 15 कामकाजी दिवसांत अहवाल द्यायचा असतो. समाधान झाले नाही, तर पुढील 15 दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालाकडे अपील करता येते. मुलीची सही हवी, फक्त पालकांची नको.

प्रश्न : आमच्या महाविद्यालयात कला, वाणिज्य आणि विज्ञान या तिन्ही शाखा आहेत. मी मराठी विभागाचा प्रमुख आहे. विभागात आम्ही दोघे पूर्णवेळ आणि एक सहकारी तासिका तत्त्वावर. नव्या शैक्षणिक धोरणानुसार खुले निवडविषय आले, तेव्हा प्राचार्यांनी सगळ्या तुकड्या अर्थशास्त्र आणि संगणक या विभागांना देऊन टाकल्या. विद्यार्थ्यांना मराठी नकोच आहे, असे ते म्हणतात. आमचा वर्कलोड घसरला आहे आणि सहकाऱ्याची नोकरी धोक्यात आहे.

उत्तर : आपल्या पत्रातला राग योग्य आहे, पण त्यात दोन प्रश्न मिसळले आहेत. मराठीला किती तुकड्या मिळायला हव्यात हा एक, आणि ते कोणी व कसे ठरवायला हवे हा दुसरा. आपले म्हणणे भक्कम आहे ते दुसऱ्या प्रश्नावर.

एप्रिल 2023 च्या शासन निर्णयाने महाराष्ट्रात पदवीचा जो आराखडा आला, तो स्वायत्त महाविद्यालयांत 2023-24 पासून आणि संलग्न महाविद्यालयांत 2024-25 पासून लागू झाला. त्यात तीन वर्षांच्या पदवीसाठी 120 ते 132 क्रेडिट (अभ्यासाच्या तासांवरून मोजले जाणारे श्रेयांक) आणि चार वर्षांच्या पदवीसाठी 160 ते 176 क्रेडिट लागतात, आणि मुख्य विषयाबरोबर गौण विषय, खुले निवडविषय, कौशल्यविषयक अभ्यासक्रम, भारतीय ज्ञान प्रणाली, प्रत्यक्ष कामाचा अनुभव अशी बरीच खाती आहेत. यांतला खुला निवडविषय विद्यार्थ्याने आपल्या मुख्य विषयाच्या विद्याशाखेबाहेरूनच निवडायचा असतो. म्हणजे बी.कॉम. आणि बी.एस्सी.चा प्रत्येक विद्यार्थी हा आपल्या विभागाचा संभाव्य विद्यार्थी आहे. गेल्या कित्येक वर्षांत भाषाविभागांना इतके मोठे दार उघडे मिळाले नव्हते. अर्थशास्त्र विभागही मानव्यविद्याच असल्याने तोही त्याच दारात उभा आहे, हे आपल्याला दिसले आहेच.

आकडे कागदावर मांडा. सहायक प्राध्यापकाने आठवड्याला 16 तास आणि सहयोगी प्राध्यापकाने 14 तास प्रत्यक्ष अध्यापन करावे, असा आयोगाचा निकष आहे. दोन क्रेडिटचा सैद्धांतिक अभ्यासक्रम म्हणजे सत्रात 30 तास, म्हणजे आठवड्याला साधारण दोन तास. तीन तुकड्या मिळाल्या, तर सहा तास होतात, आणि तासिका तत्त्वावरील सहकाऱ्याचे काम बहुधा एवढ्यावरच तरेल. हा हिशेब प्राचार्यांपुढे एका पानावर ठेवा. भाषेचे भवितव्य आणि मराठीची अस्मिता यांवरचा लेख त्यासोबत जोडू नका. तो विषय खरा आहे, पण वेळापत्रक समितीच्या टेबलावर त्याचे काही चालत नाही.

विषय कोणता द्यायचा, यावर मात्र आपल्याला थोडी तडजोड करावी लागेल. संलग्न महाविद्यालयाला अभ्यासक्रम स्वतः बनवता येत नाही, तो विद्यापीठाच्या अभ्यास मंडळाने केलेल्या यादीतून घ्यावा लागतो. त्या यादीत ‘मध्ययुगीन वाङ्मय’ आणि ‘जाहिरात व माध्यमांसाठी लेखन’ या धाटणीचे दोन्ही प्रकार असतील, तर सूक्ष्मजीवशास्त्राची विद्यार्थिनी दुसरा घेईल. ज्ञानेश्वरीवर माझेही प्रेम आहे, पण शनिवारी दुपारी दोनच्या तासाला ती कोणी निवडत नाही. यादीत सोयीचा अभ्यासक्रम नसेल, तर आपल्या जिल्ह्यातील मराठीच्या शिक्षकांनी मिळून अभ्यास मंडळाकडे प्रस्ताव पाठवावा. एकट्याचे पत्र तिथे फाईलला लागते आणि तिथेच राहते.

आता निर्णयाच्या पद्धतीविषयी. ‘विद्यार्थ्यांना मराठी नकोच आहे’ हे विधान प्राचार्यांनी कशावरून केले, हे नम्रपणे विचारा. प्रवेशाच्या वेळी विद्यार्थ्यांकडून खुल्या निवडविषयांचा पसंतिक्रम भरून घेतला होता का? घेतला असेल, तर त्याची गोळाबेरीज कुठे आहे? माझा अनुभव असा, की बऱ्याच ठिकाणी प्रवेश अर्जाच्या खिडकीत बसलेला लिपिकच ‘हे घ्या, सोपं आहे’ म्हणून पसंती लिहून टाकतो आणि मग तीच विद्यार्थ्यांची आवड ठरते. पुढच्या प्रवेशांपूर्वी सर्व विभागप्रमुखांची बैठक घेण्याची लेखी विनंती करा. प्रत्येक अभ्यासक्रमाची पाच ओळींची ओळख छापून प्रवेश अर्जासोबत द्यावी, तुकडीसाठी किमान विद्यार्थिसंख्या सर्व विभागांना सारखी ठेवावी, आणि पसंतिक्रमाचा तक्ता विभागप्रमुखांसमोर मांडूनच वाटप व्हावे, असा प्रस्ताव ठेवा. अध्यापन कार्यक्रमाचा विषय विकास समितीच्या कक्षेत येतो, म्हणून हे वाटप तिच्यापुढेही जायला हवे. आपण स्वतः त्या समितीवर नसाल, तर निवडून गेलेल्या तीन शिक्षकांपैकी एकाला गाठा. पसंतिक्रमाचा तो तक्ता इतिवृत्ताला परिशिष्ट म्हणून जोडला जाईल, एवढे मात्र त्यांच्याकडून पाहून घ्या. पुढच्या वर्षी प्राचार्य बदलले, तरी तक्ता वहीत राहील.